जुन्या गावाच्या वाटेचं टायर

बाईंबरोबर रस्त्यानं जायची मला लाज वाटायची. लातूरला क्लासेसच्या भागात मी रसायनशास्त्र शिकवत होते आणि बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. सकाळी क्लासला निघाले की चौकात हमखास मागून घंटी वाजायची. वळून बघितलं की बाई! साठी ओलांडलेली बाई, अंगात मुलाची जुनी ट्रॅक पँट, वर यजमानांचा पांढरा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्यावर हेल्मेट आणि त्या हेल्मेटखालून खांद्यावर आलेली पांढरी वेणी. खाली डोंगरात चालवायची ती दांडगी सायकल.

"मॅडम, डबा विसरून चाललात!" असं त्या भर चौकात ओरडायच्या. आजूबाजूला माझे विद्यार्थी. पोरं तोंड फिरवून हसायची. मी डबा घ्यायचे आणि खाली मान घालून चालू लागायचे.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मराठी शिकवायच्या. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. सायकलच्या पिशवीत रंगाची छोटी डबी आणि ब्रश असायचा. क्लासेसच्या फलकांवर चुकीचा शब्द दिसला की सायकल उभी करून तिथल्या तिथं दुरुस्त करायच्या. आमच्या क्लासच्या कुंपणाला लावलेल्या फ्लेक्सवर माझा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'रसायणशास्त्र'. बाईंनी त्या 'ण'चा 'न' केला. ब्रश ओला होता, वर उचलताना रंगाचा एक शिंतोडा माझ्या फोटोतल्या हनुवटीवर उडाला. क्लासचे संचालक महिनाभर मला विचारत होते, हे कोणी केलं. मी म्हणायचे, काही कल्पना नाही सर. आणि घरी येऊन बाईंच्या हातची ज्वारीची भाकरी खायचे.

घराचा त्यांचा एकच कडक नियम होता. डोक्याच्या वर काही ठेवायचं नाही. माळा रिकामा, कपाटावर सूटकेस नाही, भिंतीवर जड फोटो नाही. माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली राहायच्या. त्यांनी पुस्तकांची खोकी फळीवर चढवली की बाई स्वतः वर येऊन खाली उतरवायच्या. मुली म्हणायच्या, भूकंप होऊन किती वर्षं झाली हो बाई! बाई खोकी भिंतीला लावून ठेवायच्या आणि जिना उतरायच्या, एकेक पायरी, कठड्याला धरून.

गुडघे गेले होते त्यांचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालणं कमी करा, सायकल चालवा. डॉक्टरांना घरात एका जागी उभी असते ती व्यायामाची सायकल म्हणायची होती. पण बाईंचा मुलगा इंजिनियर, परदेशी जाताना आपली डोंगरातली सायकल आईच्या व्हरांड्यात ठेवून गेलेला. बाईंनी तीच काढली. गल्लीत दोनदा पडल्या, तिसऱ्या दिवशी औसा रोडला लागल्या.

इथवर असतं तर लोकांनी थोडं हसून सोडून दिलं असतं. पण बाईंना रस्त्यावर सायकल चालवायचीच नव्हती. त्या गावाबाहेर बंद पडलेल्या खडी केंद्रामागं जायच्या. तिथं नुसता काळा दगड, बाभळी आणि सराटे. रोज पंक्चर. कधी काटा, कधी दगडाचा दणका बसून ट्यूब रिममध्ये चेमटायची आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडायची. पंक्चरवाले चाचा कंटाळून म्हणाले, "बाई, ये रोड की चीज है. पत्थर में कायकू ले जाते?"

"रोडवर काय ठेवलंय?" बाई म्हणाल्या.

मग एका संध्याकाळी मी उत्तरपत्रिका तपासत बसले असताना बाई जेवणाचा डबा घेऊन वर आल्या. मला वाटलं, भाजी असेल. त्यांनी डबा माझ्या उत्तरपत्रिकांवर पालथा केला. आतून निघाले धारदार काळे दगडाचे तुकडे, बाभळीचे लांब पांढरे काटे आणि मूठभर सराटे.

"ह्याच्यावर कुठलं टायर चालतं ते बघ तुझ्या कॉम्प्युटरवर."

माझं माहेर अर्धापूरचं. केळीचा मुलूख, काळीभोर मऊ माती. दगडाशी माझा संबंध नाही आणि सायकल मी शाळेनंतर हातात धरलेली नव्हती. पण बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. मी इंग्रजीत वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. ट्यूब नसलेलं टायर असतं, ते रिमवर घट्ट बसतं, आत पातळ औषध ओतायचं. काटा घुसला की ते औषध भोकापाशी येऊन तिथंच थिजतं.

"रुईच्या चिकासारखं," बाई म्हणाल्या.

"चीकच असतो तो, रबराचा. अमोनिया घालून पातळ ठेवलेला." रसायनशास्त्र इथं उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. "आणि ट्यूब नसल्यामुळं हवा कमी ठेवता येते. टायर दगडावर बसतं, उडत नाही."

बाई सराटा बोटांत फिरवत ऐकत होत्या. पडद्यावर टायरांचे फोटो एकाखाली एक होते. मी म्हटलं, जाड बाजूचं घ्या, धारदार दगड टायरच्या पाठीला नाही, बाजूला कापतो असं लिहिलंय. पण बाईंना एक खाकी बाजूंचं टायर आवडलं. हलकं होतं, दिसायला देखणं. जाड बाजूच्यानं सायकल जड होईल, गुडघे ओढतील का, असा त्यांचा प्रश्न. शेवटी खाकी आलं.

ते बसवायचा सोहळा अंगणात झाला. चाचा आपला हवेचा कॉम्प्रेसर हातगाडीवर घालून घेऊन आले. बिनट्यूबचं चाक ही गोष्टच त्यांना मंजूर नव्हती, पण बाईंनी त्यांच्या मुलीला शिकवलेलं, त्यामुळं तेही नाही म्हणू शकत नव्हते. औषध ओतलं, हवा सोडली, आणि नेमके तेव्हा आमचे संचालक एका पालकांना घेऊन फाटकातून आत आले. बाईंच्या घरी खोली रिकामी आहे का हे विचारायला. टायर रिमवरून सुटलं. बंदुकीसारखा आवाज झाला. पालकांनी भिंतीकडं उडी मारली आणि संचालकांच्या निळ्या सफारीवर छातीपासून गुडघ्यापर्यंत पांढरं औषध उडालं.

"हलू नका," बाई त्यांना म्हणाल्या. "वाळलं की आपोआप निघतं. आत या, बसा. आणि ते 'रसायणशास्त्र' कोणी लिहिलं होतं हो?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. औषध निघालं नाही. सफारी गेला.

पुढच्या रविवारी ते देखणं टायर खडी केंद्रामागं बाजूनं विळ्यानं चिरल्यासारखं फाटलं. औषधाला थिजून एवढी मोठी जागा भरता येईना. बाई अंगभर पांढरे शिंतोडे घेऊन, सायकल ढकलत, लंगडत, क्लास सुटायच्या वेळी मुख्य रस्त्यानं आल्या. शेकडो पोरं रस्त्यावर. कुणीतरी शिट्टी मारली. मी क्लासच्या पायरीवर उभी होते. बाईंनी मला बघितलं आणि हाक मारली नाही. ती एकच वेळ. नजर खाली घालून त्या पुढं गेल्या, आणि चौकात डबा घेताना मला कधी वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली.

घरी गेले तर बाई पायरीवर बसून टायरची फाटलेली बाजू बोटानं चाचपत होत्या.

"दिसण्यावर गेले," म्हणाल्या. "पुन्हा बघ."

यावेळी आम्ही नीट बघितलं. मागच्यासाठी टणक रबराचं, जाड दुहेरी बाजूंचं. पुढच्यासाठी जरा मऊ, रुंद, मोठ्या दूरदूरच्या दातांचं, म्हणजे निसटत्या दगडाला धरून राहील. "पुढचं चाक वाट शोधतं, मागचं मार खातं," बाई म्हणाल्या. दोन्ही जड होती. हवा किती ठेवायची याचं त्यांनी स्वतःचं माप काढलं. अंगठा दाबायचा, भाकरीच्या मळलेल्या पिठाइतकं दबलं पाहिजे. पिठापेक्षा कडक असेल तर दगड सायकल फेकून देतो, सैल असेल तर रिम आपटते.

महिनाभर त्या खडी केंद्रामागं जात राहिल्या. परत आल्या की चाक फिरवून मला दाखवायच्या, कुठंकुठं काटा घुसून औषधानं मिटलंय ते. पांढरे ठिपके. मी न राहवून विचारलं, "बाई, कुठं जायचंय तुम्हाला? एवढ्या दगडांतून कुणाच्या लग्नाला जायचंय?"

"रविवारी ये माझ्यासोबत," त्या म्हणाल्या. "तिकडं गेल्यावर सांगते."

औशाच्या पुढं ज्या गावांतून दूध येतं, तिकडं परत जाणाऱ्या टेम्पोत आम्ही सकाळी बसलो. रिकाम्या कॅनांच्या मधे सायकल आडवी. एका ओढ्याच्या पुलावर बाईंनी टेम्पो थांबवला. टेम्पो गेला. ओढा कोरडा होता, तळाशी गोटेच गोटे, दोन्ही काठांना बाभळी.

बाई कठड्यावर बसल्या आणि समोर बघत बोलायला लागल्या.

"वर माझं माहेर. जुनं गाव. आता तिथं कोणी राहत नाही, नवं गाव रस्त्याला बांधलंय. माझी धाकटी बहीण तिथंच दिलेली होती, गावातल्या गावात. भूकंपात तिचा नवरा आणि दोन्ही लेकरं गेली. ती राहिली. मी लातूरला होते, मी तिला घरी घेऊन आले."

मी पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी घेतली नाही.

"ती घरात झोपायची नाही, अंगणात. आणि रोज पहाटे ओरडायची. उठा रे, भाईर पळा. लेकरांची नावं घेऊन. सगळी गल्ली जागी व्हायची. माझ्या मुलाची बारावी होती. पहाटेच उठायचा तो अभ्यासाला. आमच्या गल्लीत घरोघरी बारावीची पोरं, बाहेरगावची, भाड्यानं राहिलेली. लोक यायचे. बाई, तुम्ही तर शिक्षिका आहात, तुम्हाला कळायला पाहिजे. मला लोकांची लाज वाटायची. तिची लाज वाटायची. मग मी तिला म्हटलं, माय, परीक्षा होईपर्यंत गावाकडं पत्र्याच्या शेडमध्ये राहा. परीक्षा झाली की मी न्यायला येते."

"मग?"

"परीक्षा झाली. मग दुसरी परीक्षा. मग त्याचं ॲडमिशन. मग मला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. उशीर झाला की आणखी उशीर होतो बघ."

नंतर त्या दोनदा जीप करून आल्या होत्या. बहीण दिवसभर जुन्या गावात शेळ्या राखते. इंजिनाचा आवाज आला की शेळ्या घेऊन पलीकडच्या माळावर निघून जाते. सरकारी माणसं, पेपरवाले, फोटो काढणारे सगळे गाडीतूनच आलेले. आणि बाईंना पायी तिच्या मागं जाणं गुडघ्यांमुळं शक्य नाही. म्हणून ही सायकल. आवाज नाही, आणि ओढ्यातून गेलं की दिसतही नाही.

त्याच आठवड्यात आमच्या क्लासच्या पालक सभेत संचालक माइकवरून सांगत होते की हे एक वर्ष घरात शांतता ठेवा, पाहुणे नकोत, आजारी माणसं नकोत, म्हाताऱ्यांना गावी पाठवा. मी मंचावर त्यांच्या शेजारी बसले होते. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

बाई ओढ्यात उतरल्या. मी मागं चालत. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा नीट सायकल चालवताना बघितलं. पुढचं चाक गोट्याला चिकटून हळूच वर चढायचं, क्षणभर थांबायचं, मग मागचं धबकन येऊन आपटायचं. टायर पोट आत घेऊन दगड सोसायचं आणि पुन्हा फुगायचं. बाई उभ्यानं पायडल मारत होत्या, बसत नव्हत्या. एका ठिकाणी घसरल्या, हात टेकून सावरल्या, माझ्याकडं बघितलंही नाही. शेवटच्या चढावर गोटे संपले आणि घडीव दगड लागले. ते ओढ्याचे नव्हते. घरांचे होते. गल्ली होती ती एकेकाळी. दोन्हीकडं ढीग, ढिगांतून उगवलेल्या बाभळी, मधेच एखादा उंबरा तसाच शाबूत. बाई तिथं सायकलवरून उतरल्या आणि ढकलत निघाल्या.

एका जोत्यावर एक बारीकशी बाई बसली होती. सभोवती शेळ्या. तिनं डोळ्यावर आडवा हात धरला.

"कोण हाय?"

"मी."

बहुतेक तिला नीट दिसत नव्हतं. बाई अगदी जवळ जाईपर्यंत ती तशीच बघत राहिली. उठून गेली नाही.

"अक्का? पँट घालून आलीस व्हय गं?"

"हो."

"आन हे काय? सायकल? ह्या दगडांतून?" तिनं हात लांबवून पुढचं टायर चाचपलं, मोठमोठे दात बोटांनी चाचपले. "लई जाड हाय."

ती टायर चाचपतच म्हणाली, "पोराची परीक्षा झाली का गं?"

टोमणा असता तर बाईंनी सोसला असता. मला वाटतं, त्यासाठी त्या तयारी करूनच आल्या होत्या. पण तिनं खरंच विचारलं होतं. भाच्याची चौकशी केली होती. बाई, ज्यांच्याकडं संचालकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांसाठी उत्तर असायचं, त्या तिथं दगडांवर खाली बसल्या, दुखरे गुडघे दुमडून, आणि कपाळ जोत्याच्या कडेला टेकवलं.

"झाली," एवढंच म्हणाल्या.

"पास झाला?"

"झाला."

"बरं झालं. पाणी पी. कामून रडून राहिलीस, पास झाला म्हणतीस की."

मी शेळ्यांकडं बघत उभी राहिले. दुसरीकडं कुठं बघावं ते मला कळत नव्हतं.

नंतर बाई दर रविवारी जायला लागल्या. मला नेत नसत. डब्यात पुरणपोळी, पिशवीत कधी औषधं, कधी नेसायचं पातळ. बहीण नव्या गावातल्या घरात फक्त झोपायला जायची, लातूरला मात्र यायला तयार नव्हती. बाईंनी आग्रह केला नाही. पुढच्या हिवाळ्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ती आली. शेळ्या शेजारणीकडं सोपवून, दुधाच्या टेम्पोत बसून. अंगणात तिच्यासाठी बाज टाकली. घरात ती झोपत नव्हती, अजूनही.

ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी आली. आणि दुसऱ्या पहाटे खालून आवाज आला. "उठा रे! भाईर पळा!" आणि दोन नावं.

मी अंथरुणात उठून बसले. शेजारच्या खोल्यांत दिवे लागले. रोज तसंच व्हायला लागलं. मुलींची बारावीची परीक्षा तोंडावर होती. त्यांनी घरी फोन केले, घरच्यांनी क्लासला, आणि संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुम्ही तिथंच राहता. तुमच्या शब्दाला मान आहे. बाईंना जरा समजावून सांगा. परीक्षा होईपर्यंत फक्त."

मी हो म्हणून आले. घरी येताना पूर्ण रस्ता वाक्यं जुळवत होते. अंगणात आले तर बाई ज्वारी निवडत होत्या आणि बहीण बाजेवर बसून होती. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "अक्का, वरच्या पोरीयला तरास होऊन राहिला. मला गाडीत बसवून दे गं. पट्टी तिकडं काढते."

बाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मी कशाला आले ते त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

"मॅडम, मुलींना सांगा, पुढच्या गल्लीत खोल्या आहेत, मी बोलून ठेवलंय. ज्यांना जायचंय त्यांचं सामान मी स्वतः पोचवून देते. तुम्हालाही अडचण होत असेल तर सांगा." आवाज अगदी शांत होता. "ही कुठं जाणार नाही."

जुळवलेलं एकही वाक्य मी बोलले नाही. वर गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. "उठा रे! भाईर पळा!" पण यावेळी पाठोपाठ दुसरा आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो, मुख्याध्यापिकेचा.

"आले गं माय. मी बाहेर आले."

मग बहिणीचा आवाज, कापरा. "आन वरच्या पोरी? वर हायेत की त्या! घर पडंल त्यांच्या अंगावर!"

बाई काय उत्तर देतात ते ऐकायला मी थांबले नाही. केस तसेच, अनवाणी, बाहेर आले आणि मुलींची दारं वाजवली. एक मुलगी हातात पुस्तक घेऊनच आली. "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, खाली चला. सगळ्या चला.

आम्ही जिना उतरून अंगणात उभ्या राहिलो. थंडी होती. बहीण बाजेवरून उठली आणि एका डोळ्यानं आम्हाला बघत गेली. प्रत्येकीच्या खांद्याला, दंडाला हात लावून. पुस्तकवालीच्या गालावरून तिनं हात फिरवला, ती मुलगी मागं सरायला निघाली होती, ती तशीच उभी राहिली.

"आल्या सगळ्या," ती म्हणाली. मग बाजेवर जाऊन आडवी झाली आणि पांघरूण ओढून घेतलं.

बाईंनी आमच्यासाठी चहा टाकला. चहा होईपर्यंत आम्ही तिथंच उभ्या होतो, आणि कोणी कोणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं.